लेझीम हातात घे, आरतीला मागे उभी राहा

प्रिय सोनू,

सलाम.

तू विचारलंस, इथल्या परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लेझीम पथकात नाव देऊ का, दिलं तर आरतीच्या वेळी काय करू आणि प्रसादाचं काय. शिवाय तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा प्रश्न: मराठी असून तुम्ही ख्रिस्ती कसे?

लेझीम खुशाल खेळ. तो कवायतीचा खेळ आहे, त्यात कुणाचा धावा नाही. आरती मात्र प्रार्थना आहे. 'जय देव जय देव' म्हणणारा माणूस समोरच्या देवाशी मनापासून बोलत असतो. आपली श्रद्धा तिथे नसताना, केवळ चाल गोड म्हणून आपण ती म्हटली, तर आपल्या प्रभूशी प्रामाणिक राहत नाही आणि त्यांच्या भक्तीचाही मान राखत नाही. कुठलीही रीत समोर आली की आधी हे पाहा: यात कुणाला उद्देशून काही म्हटलं जातंय का, मागितलं जातंय का? साडी, फेटा, ढोल, फराळ, रांगोळी यांत तसं काही नाही. मिरवणुकीच्या आरंभी नारळ फोडून सगळे पाया पडतात, त्यात आहे. तेवढ्यापुरती बाजूला हो आणि ताल सुरू झाला की रांगेत ये.

आरतीच्या वेळी चपला बाहेर काढ, मागच्या ओळीत शांत उभी राहा. हात जोडू नकोस, टाळ्या वाजवू नकोस, तबक फिरत आलं की ज्योतीवरून हात फिरवू नकोस. फोनमध्ये डोकं घालणं किंवा बाहेर जाऊन कुजबुजणं तर मुळीच नको. पण खरी चूक त्याच्या आधी होते. आपण कुणाला काही सांगत नाही, आणि ऐन वेळी काकू प्रेमाने तबक पुढे करतात तेव्हा हात मागे घेतो. त्यांना तो अपमान वाटतो. म्हणून चार दिवस आधीच सांगायचं: 'काकू, आम्ही ख्रिस्ती आहोत, आरतीला मी मागे उभी राहीन, पण मंडप लावायला आणि पंगत वाढायला मी आहे.' आणि मग खरंच वाढायला उभी राहा. नकारासोबत काम दिलं की त्या नकाराचा तुसडेपणा जातो.

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय याच नजरेने वाच. त्याने बाबेलची भाषा आणि विद्या शिकून घेतली, राजाची चाकरी केली, बेलट्शस्सर हे परकं नावही चालवून घेतलं. फक्त राजाच्या ताटातलं अन्न नाकारलं. तेही भांडून नाही: अधिकाऱ्याला विनंती केली, भाजीपाला आणि पाणी हा पर्याय सुचवला आणि दहा दिवसांची मुदत मागितली. सगळंच नाकारणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, आणि काहीच न नाकारणाऱ्याजवळ राखायला काही उरत नाही.

प्रसादाबद्दल प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ८ आणि १० या अध्यायांत बारकाईने लिहिलंय, कारण करिंथ शहरात हा प्रश्न रोजचा होता. मूर्तिपूजेच्या पंगतीत भागी होऊ नका. बाजारात मिळणारं चौकशी न करता खा. कुणी घरी जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं खा. पण 'हे नैवेद्याचं आहे' असं कुणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. म्हणजे आरतीनंतर मूर्तीपुढे ओंजळ करून प्रसाद घ्यायचा नाही. मैत्रिणीच्या आईने जेवणात वाढलेला मोदक आनंदाने खायचा. आपल्याच मंडळीत काही घरं मोदकाला हातही लावत नाहीत. त्यांना कर्मठ म्हणू नकोस आणि त्यांच्यासमोर मुद्दाम खाऊ नकोस. रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय त्यासाठीच आहे.

मला आरतीपेक्षा जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. मीठ-मोहरीने दृष्ट काढणं, काळा दोरा, मुहूर्त, पत्रिका, आणि इथल्या मुलींच्या फोनवरचं रोजचं राशिभविष्य. या भीतीच्या रीती आहेत. आरती न करणारी ख्रिस्ती घरंही त्यात अडकतात, कारण त्यांना कुणी पूजा म्हणत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री भीती वाटली तर १२१ वं स्तोत्र मोठ्याने वाच. आठच वचनं आहेत.

आता मैत्रिणीला काय सांगशील? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्तपुराण मराठीत रचलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं, आणि ते १६१६ साली छापलं गेलं. कथा पवित्र शास्त्राची, छंद आपला. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यानंतरही त्यांनी अभंग सोडला नाही, ख्रिस्ताचीच भजनं त्यात बांधली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. एकाच घरात विश्वासाला पाच वर्षं लागली, हे तुझ्या शंका घाईने दडपण्याआधी आठव. आणि पंडिता रमाबाई! १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या शाकाहारी राहिल्या, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, म्हणून तिथल्या सिस्टरांशी त्यांनी वाद घातला. हे तुला इथे जास्त उपयोगी पडेल. इथल्या लोकांचं सगळं वागणं ख्रिस्ती असतं असं नाही. नाताळची खरेदी आणि रविवारी सकाळची मॅच यांनाही तोच प्रश्न लाव: ही माझी उपासना बाजूला सारते का? मॅच दुपारी असेल तर खेळ. दर रविवारी सकाळीच असेल, तर हंगाम सुरू होण्याआधी कोचला सांग, मध्येच नाही.

'नाही' म्हणायला बळ लागतं आणि ते रोजच्या उपासनेतून येतं, म्हणून एवढं कर. रात्री पंधरा मिनिटं: 'उपासना संगीत' या आपल्या भजनांच्या पुस्तकातलं एक भजन, दहा-बारा वचनांचा शास्त्रपाठ, प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना मराठीत. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकापासून सुरुवात करू नकोस, तिथेच बहुतेकांचं वाचन थांबतं. मार्कचं शुभवर्तमान घे, १६ अध्याय आहेत. देवनागरी वाचताना अडखळलीस तर वचनं कमी कर, मराठी सोडू नकोस. भजनाचं आठवड्याला एकच कडवं पाठ कर. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार असतात. बोटांवर मोजत म्हटलंस की चुकलेला शब्द लगेच कळतो.

काकूंना फोन गणपती बसायच्या आधी कर. मेसेज नको, फोनच.

तुझी,
आई