रूप ओसरल्यावर आंतरिक सौंदर्य म्हणून नेमकं काय उरतं?

तुम्ही विचारलंय की वय झाल्यावर मनाचं सौंदर्य असं खरंच काही असतं, की ती नुसती मनाची समजूत? मी ६१ वर्षांची आहे, आणि माझं उत्तर आहे: असतं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

१९९६ साली आमच्या शाळेची सहल वरोऱ्याला आनंदवनात नेली होती. बाबा आणि साधनाताई आमटे यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं हे गाव. तिथे एक आजोबा भेटले. भुवया पूर्ण गळलेल्या, नाक बसलेलं. या रोगाचे जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात, हाताला चटका बसला तरी कळत नाही, जखमा चिघळत जाऊन बोटं झिजतात. त्यांचीही निम्मीच उरली होती. मुलं बिचकून माझ्यामागे सरकली. आजोबा त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "बाई, लेकरं उन्हातून आली, आधी पाणी पाजा." आणि दोन्ही तळव्यांत धरून घागर स्वतःच पुढे आणली. परतताना तीच मुलं त्यांना सोडायला तयार नव्हती.

तेव्हापासून मला वाटतं, आंतरिक सौंदर्य म्हणजे स्वतःच्या दुखण्यातून मान वर करून समोरच्याकडे बघता येणं. तरुणपणी हे फारसं अवघड नसतं. गुडघे, साखर, रात्रीची उडालेली झोप सुरू झाली की माणूस नकळत स्वतःभोवतीच फिरायला लागतो. मीही फिरते. गोड बोलणं, सतत हसतमुख असणं म्हणजे हे नव्हे. काही फार प्रेमळ माणसं चांगली खडूस असतात.

माझ्या सासूबाई तशाच. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. सकाळी भाजीवाली मावशी दाराशी आली की त्या आतूनच दरडावायच्या, "मेथी निवडून दे गं, मागच्या वेळी निम्मी पिवळी होती." एके दिवशी मात्र भाव विचारायच्या आधीच म्हणाल्या, "आज तुझा आवाज असा का? रडलीस का?" मावशी उंबऱ्यावरच बसली. तिच्या लेकीचं सासरी बिनसलं होतं, आठ दिवस झाले होते.

त्या आठ दिवसांत तिच्याकडून रोज भाजी मीच घेत होते, समोर उभी राहून.