चार दारांची फेरारी ‘पिनिन’ एवढी का नावाजली जाते, आणि मग ती विकायला का आली नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. 1980 सालच्या फेरारी पिनिन या कॉन्सेप्ट कारचं डिझाइनवाली मंडळी अजून एवढं कौतुक का करतात, आणि एवढी चांगली होती तर ती शोरूमपर्यंत का पोचली नाही. मी पुण्यात गाड्यांच्या बॉडी सरफेसवर काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा लांबण लागेल. दुसऱ्याचं उत्तर तसं सरळ आहे.

आधी थोडं घराणं. बत्तिस्ता फारिना यांना सगळे ‘पिनिन’ या टोपणनावाने ओळखायचे. त्यांनी 1930 मध्ये तूरिनला बॉडी बांधायचा कारखाना काढला, तीच पुढची पिनिनफारिना कंपनी. (2015 च्या अखेरीस महिंद्रांनी विकत घ्यायचं ठरवलं ती हीच.) फेरारीशी त्यांचं जमलं पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला. फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी तूरिनला जायला तयार नाहीत, पिनिन फेरारीच्या गावी, मारानेल्लोला यायला तयार नाहीत, म्हणून दोघं मधल्या तोर्तोना गावच्या एका रेस्टॉरंटमध्ये भेटले. मानापमान असा मिटल्यावर पुढची साठएक वर्षं बहुतेक फेरारींवर पिनिनफारिनाचाच हात फिरला. 1980 मध्ये कंपनीला पन्नास वर्षं झाली. तेव्हा बत्तिस्तांचे चिरंजीव सर्जिओ यांनी वडिलांच्या नावाची एक गाडी करून तूरिन मोटर शोमध्ये मांडली, आणि तीही मारानेल्लोने तोवर कधी न विकलेली चार दारांची फेरारी. काम लिओनार्दो फिओरावांती यांच्या देखरेखीखाली झालं. डेटोना, 308 जीटीबी या त्यांच्याच गाड्या. पिनिन रेखाटली दिएगो ओत्तिना यांनी.

आता डिझाइन. चार दारं लावली की गाडं नेमकं कुठे अडतं, हे कळल्याशिवाय या गाडीची गंमत कळत नाही.

स्टुडिओत भिंतीवर गाडीची बाजू पूर्ण मापात काळ्या चिकटपट्टीने आखतात, त्याला टेप ड्रॉइंग म्हणतात. दोन दारांची ग्रँड टूरर, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान आरामशीर गाडी, आखायला मजा येते. लांबलचक बॉनेट, मागे सरकवलेली केबिन, डिकीकडे उतरत जाणारं छत, सगळं एका दमात येतं. मागची सीट नावापुरती असते, तिथे कोण बसणार याची फारशी फिकीर नसते. पण त्याच टेपवर मागचं दार आखायला घ्या. मोठ्या माणसाचा पाय आत जायला पुरेशी मोकळी जागा हवी, डोक्यावर चार बोटं जागा हवी. म्हणून छत मागपर्यंत उंच न्यावं लागतं. छत लांबलं की पुढची काच पुढे ढकलावीशी वाटते, म्हणजे बॉनेट आखूड. आणि सगळ्यात वाईट म्हणजे छताचे खांब, ज्यांना आपण ए, बी, सी पिलर म्हणतो. आडव्या धावणाऱ्या गाडीत हे उभे दांडे आले की नजर प्रत्येक दांड्यापाशी थबकते. गाडी असते तेवढीच लांब, पण दिसते आखूड आणि उभट.

पिनिनला पाया होता फेरारी 400 चा. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 2700 मिलिमीटर, पिनिनसाठी तो वाढवून 2750 केला. म्हणजे फक्त 50 मिलिमीटर, तीन बोटं! मागच्या माणसासाठी एवढीच जागा वाढवून ही गाडी लिमोझिनच्या पंगतीत बसवायची होती. तेव्हा बाकीचं काम मापांनी नाही, नजरेनेच करायचं होतं.

ते त्यांनी काचेने केलं. गाडीचे सगळे खांब काचेच्या आड घेतले आणि काळे केले. काच बॉडीच्या पातळीत, बाहेरून चौकट जवळजवळ नाहीच. त्यामुळे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत एकच सलग काळी पट्टी फिरते आणि तिच्यावर छत नुसतं ठेवल्यासारखं दिसतं. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत काचा रबराच्या बीडिंगमध्ये, बॉडीपेक्षा आत बसलेल्या असत. उत्पादनातल्या गाडीत बॉडीच्या पातळीतल्या काचा गाजल्या त्या 1982 च्या ऑडी 100 मुळे, म्हणजे पिनिननंतर दोन वर्षांनी. नेटवर पिनिनचा अगदी बाजूने काढलेला फोटो मिळाला तर दोन दारांमधली फट बोटाने झाकून बघा. उरते ती सरळ कूपे, म्हणजे दोन दारी गाडी. चौथ्या दाराचा एवढा कमी पुरावा मागे ठेवणारी दुसरी चार दारी गाडी निदान त्या काळातली मला आठवत नाही.

आज आपल्याकडे एक्सेसरीच्या दुकानात बी पिलरला काळी फिल्म मारून घेतात, किंवा कंपनीच सी पिलरवर काळा प्लास्टिकचा तुकडा बसवून त्याला ‘फ्लोटिंग रूफ’ म्हणते, ती याच युक्तीची स्वस्तातली नातवंडं. फरक असा की चिकटवलेला काळा तुकडा उन्हात काचेपेक्षा वेगळा चमकतो आणि लबाडी उघडी पडते. पिनिनमध्ये पुढे खरीच काच आहे, म्हणून प्रतिबिंब कुठेही तुटत नाही. सरफेसच्या धंद्यातल्या माणसाला हे बघताना सुख होतं, दुसरा शब्द नाही.

दुसरी मोठी गोष्ट नाकाची. इंजिन म्हणून निवडलं होतं फेरारीच्याच 512 बीबी या गाडीचं 4.9 लिटरचं बारा सिलिंडरी. यात सहा-सहा सिलिंडर एकमेकांसमोर आडवे निजलेले असतात. बीबीमध्ये ते चालकाच्या मागे असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, त्यामुळे आडवं असूनही इंजिन बऱ्यापैकी उंचावर बसतं. पिनिनमध्ये ते पुढे आणायचं आणि गिअरबॉक्स पोटाखालून काढून मागे न्यायचा, असा बेत होता. मग इंजिन खाली बसतं आणि सिलिंडर व्ही आकारात उभे असलेल्या व्ही-12 इंजिनापेक्षा बॉनेट सपाट ठेवता येतं. इंजिनाची निवड स्टाइलिंगच्या सोयीने झाली, असं मी म्हटलं तर इंजिनवाले मित्र चिडतील, पण मला तरी तसंच वाटतं.

बॉनेट खाली आलं की पुढचा पेच हेडलाइटचा. त्या काळच्या फेरारींकडे, म्हणजे 308, बीबी, खुद्द 400 कडे, त्यावर एकच तोडगा होता. दिवे बॉनेटमध्ये लपवायचे आणि रात्री वर उघडायचे. स्पोर्ट्स कारला ते शोभतं, पण संध्याकाळी ऑपेराला निघालेल्या चार दारी गाडीने बेडकासारखे डोळे वर काढणं बरं दिसत नाही. पिनिनला लुकास या ब्रिटिश कंपनीने खास दिवे करून दिले. एका मोठ्या वाटीऐवजी वेगवेगळ्या खोलीचे अनेक परावर्तक एकत्र बसवलेले, त्यामुळे दिव्याची उंची खूप कमी झाली. उघडझापीची यंत्रणा गेली आणि नाक खालीच राहिलं. आज बारीक हेडलाइटचं कुणाला नवल नाही, पण तेव्हा प्लास्टिकच्या लेन्स आणि एलईडी यांच्यातलं काहीही हाताशी नसताना हे केलेलं आहे.

मागचे दिवे बॉडीच्याच रंगाचे, पेटेपर्यंत तिथे दिवा आहे हे कळत नाही. वायपर एका झडपेखाली. चाकांचे आरे टर्बाइनच्या पात्यांसारखे. यातलं मागच्या दिव्याचं प्रकरण मला थोडं दाखवेगिरीचं वाटतं, मोटर शोसाठी असतं तसं. आणि एक तक्रार पुढच्या जाळीची. जुन्या फेरारींसारखी चौकटी-चौकटींची रुंद जाळी मुद्दाम दिली आहे, घराण्याची खूण म्हणून. पण बाकीची गाडी इतकी तुकतुकीत, शांत असताना ही चमकती जाळी आजोबांचा फेटा नातवाला घातल्यासारखी दिसते. आतमध्ये फिकट तपकिरी लेदर, मागच्या प्रवाशांना रेडिओ आणि हवेची वेगळी बटणं, इलेक्ट्रॉनिक डॅशबोर्ड. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा लवकर जुनी झाली. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या प्रत्येक कॉन्सेप्टचं हेच होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न.

तूरिनला उभी केलेली पिनिन स्वतःच्या ताकदीवर हलूही शकत नव्हती. बॉनेटखाली इंजिन होतं ते दाखवण्यापुरतं. तरी गाडी पाहून एन्झोंना ती आवडली आणि उत्पादनाचा विचार झाला, असं सांगितलं जातं. मात्र आडवं इंजिन पुढे बसवायचं तर नवीन गिअरबॉक्स, नवी मांडणी, सगळ्या चाचण्या, हे सगळं वर्षाला जेमतेम दोन-अडीच हजार गाड्या करणाऱ्या कंपनीने करायचं होतं. 1969 पासून निम्मी मालकी फियाटची, त्यांच्यासाठी हा हिशेब फारसा आकर्षक नव्हता.

पण माझ्या मते खरी मेख पैशापेक्षा गिऱ्हाइकात होती. रविवारी फेरारी चालवणारा माणूस बरंच काही पोटात घालतो. एसी कुरकुरला, खिडकी अडकली, दार दोनदा आपटावं लागलं, तरी गाडी सुरू झाल्यावर सगळं माफ. मागच्या सीटवर फाइल वाचत बसणारा माणूस यातलं काहीच माफ करत नाही. आणि त्याच्यासमोर पर्याय काय होते? 1979 मध्ये मर्सिडीजची नवीन एस-क्लास आली होती. जग्वारची एक्सजे त्याच वर्षी सुधारून आली, आणि मजा म्हणजे ती सुधारणाही पिनिनफारिनाच्याच मदतीने झाली होती. या दोघींशी फेरारीने वेगात नाही, तर दाराच्या आवाजात, सीटच्या आरामात आणि वर्षानुवर्षं न बिघडण्यात सामना द्यायचा होता. मारानेल्लोत ती तालीम कुणीच केलेली नव्हती. पिनिन न बनवण्याचा निर्णय मला भित्रेपणाचा वाटत नाही. बनवली असती तर पहिल्या दोन वर्षांत गिऱ्हाइकांनी ती परत आणून उभी केली असती आणि आज आपण तिचं नाव वेगळ्याच सुरात घेतलं असतं.

एन्झोंच्या हट्टापायी चार दारं आली नाहीत, असंही वाचायला मिळतं. ते मला अर्धंच पटतं. 1976 मध्येच फेरारी 400 ला अमेरिकन जनरल मोटर्सचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला होता. ज्यांनी तेवढं चालवून घेतलं त्यांना दोन जादा दारांचा विटाळ होण्याचं कारण नाही. उलट त्यांना टोचलं असेल ते दुसऱ्यांचं यश. 1983 मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी मारानेल्लोच्या भेटीला आले ते प्रतिस्पर्धी मासेरातीच्या चार दारी क्वात्रोपोर्तेतून. एन्झो त्या गाडीजवळ जायला तयार झाले नाहीत, असा किस्सा आहे. राष्ट्राध्यक्षांना मागे बसवायला फेरारीकडे स्वतःची गाडी नव्हती, ही त्यातली दुखरी बाजू.

पुढे पिनिन बेल्जियमचे फेरारी विक्रेते आणि एन्झोंचे स्नेही जॅक स्वाटर्स यांच्या संग्रहात गेली. 2008 मध्ये तिचा लिलाव झाला आणि नव्या मालकाने ती चालती करायचं मनावर घेतलं. काम दिलं मोदेनाच्या ओराल इंजिनिअरिंगला. ही कंपनी माउरो फोर्गिएरी यांची, आणि फेरारीच्या रेसिंग गाड्यांचं ते आडवं बारा सिलिंडरी इंजिन मुळात त्यांच्याच हातचं. शोसाठी केलेल्या सांगाड्यात खरं इंजिन बसवणं म्हणजे मागच्या तीस वर्षांत न सोडवलेले सगळे प्रश्न एकदम सोडवणं. 2010 च्या सुमारास गाडी स्वतःच्या इंजिनावर धावली.

कुणी विचारेल, आता तर फेरारीने चार दारं दिलीच ना? दिली, 2022 मध्ये, पुरोसांग्वे या नावाने. पण आकडे बघा. व्हीलबेस 3018 मिलिमीटर आणि उंची 1589. त्याआधी 2008 मध्ये पॅरिसला लॅम्बोर्गिनीने एस्टोक ही चार दारी कॉन्सेप्ट दाखवली होती. तिची उंची पिनिनच्या वळणाची, 1.35 मीटर, पण व्हीलबेस तीन मीटरच्या वर. तीही निघाली नाही, तिच्या जागी उरुस ही उंच एसयूव्ही आली. उंची वाढवली की मागच्या माणसाच्या डोक्याचा प्रश्न सुटतो, लांबी वाढवली की पायाचा. दोन्ही न वाढवता काम भागवायचा प्रयत्न पिनिनने केला. तिचं मागचं दार अरुंद आहे, मागचं चाक त्यात घुसतं आणि सहा फुटी माणूस तिथे फार सुखात बसला असता असं मला वाटत नाही. तरीही टेप ड्रॉइंगसमोर उभं राहून 2750 मध्ये कुणी मला याहून बरी बाजू आखून दाखवली तर मी बघायला तयार आहे.