कृष्णविवराची लुकलुक आणि घड्याळाची शिस्त

प्रश्न : कृष्णविवरातून प्रकाशच सुटत नाही, तर ते लुकलुकतं कसं?

उत्तर : लुकलुकतो तो विवरात पडायच्या वाटेवर असलेला वायू. जोडीदार ताऱ्याकडून ओढला गेलेला हा वायू चकतीसारखा फिरत आत सरकतो. अगदी आतल्या भागात तो इतका तापतो की क्ष-किरण फेकू लागतो. काही वायू झोतांच्या रूपात बाहेरही उसळतो. आत येणाऱ्या वायूचा ओघ सारखा नसतो, म्हणून उजेडही सारखा नसतो.

प्रश्न : 2015 मध्ये व्ही404 सिग्नी (कृष्णविवर आणि तारा यांची जोडी) भडकला तेव्हा दृश्य प्रकाशाची लुकलुक क्ष-किरणांच्या 0.1 सेकंद मागे होती असं वाचलं. तेवढ्यावरून हा प्रकाश कुठून येतो ती जागा कशी कळते?

उत्तर : हा उशीर म्हणजेच इथली मोजपट्टी. क्ष-किरणांनी जोडीदार तारा तापून उजळत असता, तर उशीर दशांशात मोजावाच लागला नसता. या जोडीची प्रदक्षिणा साडेसहा दिवसांची आहे आणि दोघांमधलं अंतर कापायला प्रकाशाला सत्तरएक सेकंद लागतात. चकतीच्या बाहेरच्या भागातून आलेला प्रतिसादही कित्येक सेकंद उशिराचा आणि पसरट असता. उलट 0.1 सेकंदात प्रकाश जातो 30,000 किलोमीटर. विवराचं वस्तुमान सूर्याच्या नऊपट, म्हणजे त्याची त्रिज्या सुमारे 27 किलोमीटर. त्या मापाने हे अंतर हजारपटीच्या आसपास येतं. झोताचं बूड इथेच कुठेतरी उजळतं, असा त्याचा अर्थ लावतात. झोतातला वायू प्रकाशापेक्षा वेगाने धावू शकत नाही, त्यामुळे 30,000 हा आकडा वरची मर्यादा समजावी. जीएक्स 339-4 आणि मॅक्सी जे1820+070 या जोड्यांमध्येही उशीर याच घरातला, सुमारे 0.15 सेकंद, निघाला. म्हणून हा योगायोग वाटत नाही.

प्रश्न : माझ्याकडे 20 सेंटिमीटरची दुर्बीण आणि सीमॉस कॅमेरा आहे. असा उशीर मला मोजता येईल?

उत्तर : उशीर नाही, लुकलुक मात्र नक्की. व्ही404 तेव्हा अकराव्या-बाराव्या प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद) उजळला होता आणि मिनिटांत होणारे त्याचे चढउतार एवढ्याच दुर्बिणींनीही टिपले गेले. ढोबळ हिशेब करा : बाराव्या प्रतीच्या ताऱ्याचे व्ही (हिरवा-पिवळा प्रकाश सोडणाऱ्या) फिल्टरमधून 0.1 सेकंदात जेमतेम दोनशे फोटॉन नोंदले जातात. दोनशेचं वर्गमूळ चौदा, म्हणजे 7 टक्के गोंधळ नुसत्या मोजणीतच, कॅमेऱ्याचा वेगळा. दोन-पाच सेकंदांचं एक्सपोजर घ्या. जवळचा, तितकाच तेजस्वी आणि स्थिर तुलनातारा त्याच फ्रेममध्ये हवाच. पातळ ढग किंवा हवेचा थरार दोघांनाही बाधला, तर दोघांच्या तेजाच्या भागाकारात बराचसा निघून जातो. तुलनातारा शांत आणि आपला तारा उसळतोय, तरच उसळी खरी.

दशांश सेकंदांचं काम मोठ्या दुर्बिणींचं. व्ही404 साठी 4.2 मीटरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीवर अल्ट्राकॅम हा वेगवान कॅमेरा होता आणि वर अवकाशात क्ष-किरण टिपणारा न्यूस्टार उपग्रह. पण आरसा मोठा असला तरी खोट घड्याळात निघते. फाइलवर छापलेली वेळ एक्सपोजरच्या सुरुवातीची की मधली, हे आधी तपासा; एक सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये एवढ्यानेच अर्ध्या सेकंदाची चूक होते. रोलिंग शटर (फ्रेम ओळीओळीने टिपणारं) असेल तर वरच्या आणि खालच्या ओळीची वेळही सारखी नसते. संगणकाच्या घड्याळावर विसंबू नका, जीपीएसचा शिक्का घ्या.

मग दृश्य प्रकाशाची आणि क्ष-किरणांची, दोन्ही नोंदी सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर आणायच्या, म्हणजे प्रकाश तिथे कधी पोहोचला असता ती वेळ काढायची. एकीवर ही दुरुस्ती केली आणि दुसरीवर राहून गेली, तर फरक आठ मिनिटांपर्यंत जाऊ शकतो. एक नोंद यूटीसीत (रोजच्या जागतिक वेळेत) आणि दुसरी टीडीबीत (गुरुत्वमध्यासाठीच्या खगोलीय वेळेत) राहिली, तर सध्या 69.18 सेकंदांचा खोटा उशीर दिसतो. ही चूक ठरलेल्या आकड्याची, म्हणून पकडायला सोपी. छुपी चूक उपग्रहाच्या जागेची : पृथ्वीच्या त्रिज्येएवढं अंतर कापायला प्रकाशाला 21 मिलिसेकंद लागतात, म्हणून दुरुस्ती उपग्रहाच्या कक्षेवरून करायची, पृथ्वीच्या केंद्रावरून नव्हे.

त्यानंतर दोन्ही प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचे आलेख) एकाच वेळपट्टीवर, एकाच रुंदीच्या खणांत भरा. दहा-वीस सेकंदांचे तुकडे पाडा, प्रत्येकातला संथ चढउतार वजा करा, तुकड्यागणिक सहसंबंध काढा (एक वक्र किती सरकवला की दुसऱ्याशी किती जुळतो ते; सर्वाधिक जुळणी म्हणजे शिखर) आणि शेवटी सरासरी घ्या. वजाबाकी टाळली तर संथ लाट सगळं झाकून टाकते आणि शिखर पसरट दिसतं. एखाद-दुसऱ्या तुकड्यातच शिखर असेल तर त्यावर फार भरवसा ठेवू नये.

प्रश्न : काही आलेखांत क्ष-किरणांचं शिखर यायच्या आधीच दृश्य प्रकाश दबलेला दिसतो. परिणाम कारणाच्या आधी कसा?

उत्तर : तसं होत नाही. क्ष-किरण त्या दबण्याचं कारण आहेत असं धरलं, म्हणूनच कोडं पडतं. एक्सटीई जे1118+480 या कृष्णविवराच्या जोडीत हे ठळक दिसलं. एक स्पष्टीकरण असं : विवराभोवतीच्या तप्त वायूत चुंबकीय क्षेत्रामुळे सिंक्रोट्रॉन प्रकाश (क्षेत्रात गरगरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा) तयार होतो. ओघ वाढला की क्ष-किरण वाढतात, पण दाट झालेला वायू स्वतःचाच दृश्य प्रकाश गिळू लागतो. दोन्ही बदल एकाच ओघामुळे, पण उलट दिशांना. त्यावर मागून येणारा धन प्रतिसाद (क्ष-किरणांमागून दृश्य प्रकाशाचं उजळणं) चढला की त्या खळग्याची मागची बाजू भरून निघते आणि उरलेला खळगा आधी आल्यासारखा दिसतो.