लग्नाला तीन आठवडे उरले असताना काय थांबवावे आणि काय सोपवावे

ताई, मुलीचे लग्न २३ दिवसांवर आले आहे, घर भांडुपला आणि कार्यालय दादरला, मुहूर्त रविवारी सकाळचा, केटरर ताटांचा आकडा मागतो आहे आणि घरात मात्र रोज एक नवी खरेदी निघते आहे, अशा वेळी आधी काय हातात घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मुलीचे, पुतण्याचे आणि नणंदेच्या मुलीचे अशी तीन कार्ये मी मुंबईतच पार पाडली आहेत. त्या अनुभवावरून सांगते की निवडीचे आणि खरेदीचे काम आता संपले, असे घरात सर्वांना स्पष्ट सांगून टाका. यापुढचे काम सोपवण्याचे आहे. प्रत्येक जबाबदारीला एक ठरलेले माणूस हवे, आणि ते माणूस म्हणजे वधूचे आईवडील नव्हेत.

इतक्या आग्रहाने म्हणण्याचे कारण आहे. माझ्या मुलीच्या लग्नात गौरीहराची वेळ झाली आणि तिच्यासोबत द्यायची चांदीची अन्नपूर्णा सापडेना. वधूपक्षाच्या खोलीत आहेराच्या, ओटीच्या, फराळाच्या मिळून आठ-नऊ पिशव्या होत्या आणि त्या सगळ्या मी एकटीनेच भरलेल्या असल्यामुळे कशात काय आहे, हे माझ्याशिवाय कुणालाच सांगता येत नव्हते. मूर्ती अखेर खणांच्या गठ्ठ्यात, एका हिरव्या खणात गुंडाळलेली सापडली. तोवर गुरुजींनी तिच्या जागी सुपारी मांडून पूजा सुरू केली होती, आणि मी मूर्ती घेऊन पोहोचले तेव्हा मुलीला मामा बोहल्याकडे नेत होता. अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून, गौरीहरापुढे थोडे थोडे तांदूळ वाहत बसलेली माझी मुलगी मी फक्त फोटोत पाहिली आहे. तुमच्या बाबतीत असे होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते.

पुढच्या दोन्ही लग्नांत आम्ही पिशव्या वस्तूंच्या प्रकाराप्रमाणे न भरता विधींच्या क्रमाने भरल्या. सीमंतपूजन, गौरीहर, अंतरपाट व मंगलाष्टके, कन्यादान, लाजाहोम व सप्तपदी, कानपिळी, ऐरणीदान, पाठवणी, अशी प्रत्येकाची वेगळी कापडी पिशवी केली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत विधीचे नाव लिहिले आणि आत काय आहे त्याचा कागद वरच टाचला. कानपिळीच्या पिशवीत वधूच्या भावाला द्यायचा आहेर, अंतरपाटाच्या पिशवीत अक्षता, हार आणि करवलीचा कऱ्हा, याप्रमाणे. ही सगळी मांडणी एका मावशीला किंवा काकूला चार दिवस आधी, घरी, शांतपणे दाखवा आणि त्या दिवशी खोलीची किल्ली तिच्याकडेच राहू द्या. दागिन्यांचा डबा मात्र या पिशव्यांत ठेवू नये. त्यासाठी एकच माणूस नेमावे आणि त्या माणसाला दुसरे कोणतेही काम देऊ नये.

गुरुजींना याच आठवड्यात भेटा. मुंबईत अनेक गुरुजी ‘साहित्य आम्ही आणतो’ असे सांगतात, पण त्यात पूजेचे आणि होमाचे साहित्य असते. समई, तांब्या-पळी-पंचपात्र, पाट, अंतरपाट, उपरणी ही बहुधा घरची धरलेली असतात. घरचे काय आणि त्यांचे काय, हे त्यांच्यासमोर बसून लिहून घ्यावे. वरपक्षाने काही विधी वेगळ्या पद्धतीने करायचे ठरवले असल्यास तेही त्याच बैठकीत, विहीणबाईंशी बोलून, निश्चित करावे.

आता ताटांचा आकडा. पत्रिका किती वाटल्या यावरून तो काढू नका. आप्त, शेजारी, दोन्हीकडचे कार्यालयीन सहकारी आणि मुलीच्या मैत्रिणी अशा चार याद्या करा, घरातल्या चौघांना एकेक द्या आणि प्रत्येकाने प्रत्यक्ष फोनच करावा, कारण व्हॉट्सॲपवर आलेल्या हात जोडल्याच्या चिन्हावरून माणूस येणार की नाही, ते कळत नाही. ‘किती जण येणार’ याबरोबरच ‘मुहूर्ताला की जेवायला’ हेही विचारा. केटररला दिलेल्या आकड्यापेक्षा कमी माणसे आली तरी पैसे बहुधा पूर्ण द्यावे लागतात, म्हणून नक्की येणाऱ्यांचाच आकडा सांगावा आणि आयत्या वेळी वाढीव ताटे किती निघू शकतील व त्यांचा दर काय, हे लेखी घ्यावे. फोटोग्राफर, सनईवाले आणि गाड्यांचे चालक यांची ताटे त्या आकड्यात धरा. विहिणीच्या पंगतीची बैठक बुफेपासून वेगळी हवी असेल, तर वाढपी किती लागतील तेही सांगून ठेवा.

रविवार आहे, म्हणून मेगाब्लॉकचा, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकलचे मार्ग काही तास बंद ठेवतात त्याचा, विचार करावाच लागेल. मध्य रेल्वेचा ब्लॉक बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारच्या पुढेमागे संपतो. माटुंगा ते मुलुंडदरम्यान धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर या स्थानकांवर त्या थांबत नाहीत. सकाळी जाणाऱ्यांची अडचण होणार नाही, पण जेवायला येणाऱ्यांची आणि दुपारी परतणाऱ्या वयस्कर मंडळींची होईल. वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होते, तेवढ्यावर विसंबून न राहता ज्येष्ठांसाठी येण्याजाण्याची एक मिनी बस आताच सांगून ठेवा. कार्यालयाचा ताबा सकाळी किती वाजता मिळतो आणि दुपारी किती वाजता सोडायचा, हेही पाहा. संध्याकाळी दुसरे लग्न असेल, तर पाठवणीच्या वेळी सामान आवरण्याची घाई होते आणि मुलीला निवांतपणे निरोप देता येत नाही.

आणखी एक काम बहुतेक घरांत राहून जाते, ते म्हणजे विवाहनोंदणी. राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांच्या आत ती करायची असते, आणि मुंबईत ती महापालिकेच्या विभाग कार्यालयात होते. अर्जावर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या लागतात. अर्ज आधीच भरून ठेवा आणि गुरुजींची सही व त्यांच्या ओळखपत्राची प्रत लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयातच घ्या. नंतर त्यांच्या मोकळ्या वेळेसाठी हेलपाटे घालावे लागतात. साक्षीदार मुंबईत राहणारेच निवडा. पत्रिका अर्जाला जोडावी लागते, म्हणून तिच्यावरील नावे कागदपत्रांशी जुळतात ना, ते आजच पाहून घ्या.

मुलीला ब्लाउज घालून, हात वर करून, खाली बसून एकदा बघायला सांगा. दुरुस्तीला शिंप्याकडे दहा दिवस तरी हवेत. कासाराला चुडा भरण्याची वेळ पक्की करा. दादरच्या फुलबाजारातून हार आणायचे असतील, तर पहाटे जाणारा मुलगा कोण, ते नावानिशी ठरवा.

केळवणांना नाही म्हणणे जड जाते, हे तुम्ही लिहिलेच आहे. भांडुपहून बोरिवलीला जेवायला जाऊन येण्यात अख्खी संध्याकाळ जाते आणि मुलगी थकते. शेवटच्या दहा दिवसांतली आमंत्रणे आताच, प्रेमाने, लग्नानंतरच्या जोडीच्या जेवणावर न्या. आपली माणसे समजून घेतात.

गुरुजींकडून साहित्याची यादी मिळाली की मला पाठवा. पुतण्याच्या लग्नाची यादी मी जपून ठेवली आहे, तिच्याशी ताडून काय राहिले ते कळवते.