भारंगी: अंगाचा भार नव्हे, गाढवाची भाजी

प्रश्न: भारंगी म्हणजे 'भार + अंगी', अंगाचा भार उतरवणारी, हे खरे का? आणि तिची भाजी पानांची की फुलांची?

खरे नाही. दर पावसाळ्यात ही व्युत्पत्ती कानावर येते आणि साध्या संधीपुढेही ती टिकत नाही. भार आणि अंगी जोडले तर 'भारांगी' होईल, कोमलांगीसारखे. मूळ संस्कृत शब्द 'भार्ङ्गी'. हे जोडाक्षर जिभेला जड, म्हणून मराठीने मध्ये 'अ' घातला आणि नसलेले अंग दिसू लागले. दम्या-खोकल्याच्या काढ्यात पडणारे भारंगमूळ याच झुडपाचे.

खरा आनंद आहे तो पर्यायी नावांत. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात हिला 'खरशाक' म्हटले आहे. पानाची कड करवती, म्हणून खर म्हणजे खरखरीत, असे सांगणारे अभ्यासक आहेत. त्यांनी अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडायला हवा होता. तिथे वनौषधिवर्गात याच झुडपाला 'बालेयशाक' हे नाव आहे, आणि वैश्यवर्गात गाढवाच्या नावांत बालेय आणि खर एकाच ओळीत बसले आहेत. बालेयचा 'बळीला योग्य' असाही अर्थ होतो, खरचा 'राठ' असाही. पण दोन्ही शब्दांना समान असा अर्थ गाढव हाच. एका झुडपाला दोन नावे आणि दोन्हींत तोच प्राणी, हा योगायोग मी मानणार नाही. ही गाढवाची भाजी. वनस्पतिशास्त्रातले 'सेराटा' हे नाव मात्र खरेच करवती कडेवरून आले आहे, त्याचा खरशाकाशी काही संबंध नाही.

भाजी दोन्हींची होते. पावसाच्या सुरुवातीला कोवळी पाने घ्यावीत, जून पानांचा चोथा होतो. फुले पुढे श्रावणाच्या सुमारास येतात: फिकट निळी, एक पाकळी गडद जांभळी. पाने असोत की फुले, चिरून उकळावीत, पाणी फेकावे आणि घट्ट पिळावे. एकदाच पिळून भागवले की कडवटपणा राहतो आणि भाजी वाया जाते, म्हणून हे दोनदा करावे. मग भरपूर कांदा, लसूण, हिरवी मिरची परतून, दोन जुड्यांना अर्धी वाटी भिजवलेली मूगडाळ घालून वाफ काढावी. शेवटी ओले खोबरे आणि गुळाचा लहान खडा. पाला उकळून मूठभर होतो, तेव्हा मीठ पिळल्यानंतरच्या अंदाजाने घालावे.