कोर्टाची पायरी तिला चढू द्या

सोलापुरातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती बघणारे, आहेत, घरी तेलुगू बोलतात. थोरली मुलगी विधी शाखेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षाला आहे, गुण 55 टक्क्यांच्या आसपास. ते लिहितात : "तिला सरकारी वकील करायचं आम्ही ठरवलं आहे. नोकरी कायमची, पगार चांगला. निकाल लागला की पुण्याला क्लास लावतो, दोन वर्षं देतो. झालं तर झालं, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. प्रॅक्टिस मात्र करू देणार नाही. चोरा-दरोडेखोरांची वकिली आमच्या घरात बसत नाही. हल्ली कॉलेज बुडवून कोर्टात जाऊन बसायची, तेही बंद केलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कोणता क्लास चांगला, फी किती पडेल, ते कळवा."

क्लासचं नाव मी कळवणार नाही, कारण तुमच्या मुलीला आत्ता क्लासची गरज नाही. गुणांचीही काळजी सोडा. 55 टक्क्यांवरून तिला कोणी अडवणार नाही.

मला खुपलं ते वेगळंच. तुमचं पत्र पुन्हा एकदा वाचा. ठरवलं, लावतो, देतो, करू देणार नाही, बंद केलं. सगळं तुम्हीच केलेलं. मुलीनं स्वतःहून केलेली एकच गोष्ट अख्ख्या पत्रात आहे : ती कोर्टात जाऊन बसते. तीही तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. अहो, विधी शाखेतल्या किती मुलांना पाच वर्षांत एक अख्खा उलटतपास बसून ऐकावासा वाटतो? कोणी न सांगता, कोणती परीक्षा डोक्यावर नसताना ती त्या बाकावर जाऊन बसते. ही मुलगी फौजदारी कामात रमेल की नाही याचा पुरावा तुमच्या घरात होता आणि तुम्ही त्यालाच कुलूप लावलंत.

"दोन वर्षं देतो" हे वाक्यही तुम्ही प्रेमानं लिहिलं असेल, पण त्याचा अर्थ नीट बघा. तुम्हाला हवी असलेली कायम नोकरी म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता हे पद, आणि त्याची जाहिरात दरवर्षी येत नाही. शासनाकडून रिक्त पदांचं मागणीपत्र गेलं की लोकसेवा आयोग ती काढतो, आणि मध्ये काही वर्षं कोरडी जातात. म्हणजे तुमच्या दोन वर्षांत एकही परीक्षा झाली नाही असं सहज घडू शकतं. मग न झालेल्या परीक्षेत नापास ठरवून तुम्ही तिला बोहल्यावर उभी करणार का? लग्न तिच्या मर्जीनं, योग्य वेळी व्हावं, त्याला कोणाची ना नाही. परीक्षेत अपयश आलं की त्याची शिक्षा म्हणून लग्न, हे गणित मात्र मोडा. अशा टांगत्या तलवारीखाली कोणाचाही अभ्यास होत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला पद हवंय आणि प्रॅक्टिस नको, तर हे जुळत नाही. या पदासाठी नुसती पदवी पुरत नाही, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन प्रत्यक्ष वकिली केल्याचा अनुभव लागतो. किती वर्षांचा आणि कोणत्या तारखेपर्यंतचा, ते जाहिरातीत शब्दशः वाचायचं. "मग न्यायाधीशाची परीक्षा देऊ दे" असं तुमच्या मनात येईल, तर तिथलीही वाट बदलली आहे. 20 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी किमान 3 वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. दोन्ही दरवाजे कोर्टाच्या आवारातच उघडतात, आणि तुम्ही तिला आवाराबाहेर ठेवून क्लासची फी भरायला निघालात.

एक गैरसमज तुमच्यासारखाच पुष्कळ पालकांचा असतो, तो सविस्तर सांगते. "सरकारी वकील" म्हणून आपण ज्यांना ओळखतो ती एक नोकरी नसते. टीव्हीवर गाजलेल्या खटल्यानंतर बोलताना दिसतात ते बहुधा विशेष सरकारी वकील. त्यांची नेमणूक त्या खटल्यापुरती असते आणि कायद्यानं किमान 10 वर्षांची वकिली लागते. जिल्हा न्यायालयात खून, दरोडा, बलात्कार असे सत्र खटले चालवतात ते जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील. त्यांना किमान 7 वर्षांची वकिली लागते, नेमणूक विधी व न्याय विभागाकडून होते आणि ती मुदतीची असते, निवृत्तीपर्यंतची नसते. तुम्ही म्हणता तशी पगारी, कायमची, बदलीची नोकरी तिसऱ्यांची : सहायक सरकारी अभियोक्ता. ते गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखाली असतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात काम करतात. बदली राज्यात कुठेही होऊ शकते, सोलापूरच मिळेल असं धरून चालू नका. महापालिकेच्या पॅनेलवरचे वकील तर आणखी वेगळे. त्यांच्याकडे मुख्यतः मिळकत कर, अतिक्रमण, नोकरीचे वाद अशी कामं येतात, फिर्याद-आरोपीशी त्यांचा फारसा संबंध नसतो. जुनी माणसं अजून "पोलीस प्रॉसिक्यूटर" म्हणतात, पण तो काळ गेला. 1995 साली महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे अभियोक्ते पोलीस खात्याच्या ताब्यात राहू नयेत, त्यांचं स्वतंत्र खातं हवं. तपासात भोक असेल तर ते तपासी अंमलदाराला तोंडावर सांगणं हेच या माणसाचं काम आहे, आणि पोलिसाच्या हाताखाली राहून ते कसं होणार?

ती ज्या कोर्टात बसते तिथे सकाळी अकराला काय चालतं तेही ऐका, म्हणजे क्लासमध्ये काय मिळणार नाही ते कळेल. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, पन्नास-साठ प्रकरणं. रिमांडचे कागद, जामीन अर्जावर म्हणणं, पैरवी अंमलदार (कोर्टातली कामं बघणारा पोलीस) सांगतो की समन्स बजावलं, पण साक्षीदार गावी नाही. त्यातच एखादी मारामारीची केस पुराव्याला लागते. साक्षीदारानं पोलिसांना जबाब दिलेला : "आरोपीला काठी मारताना मी पाहिलं." पिंजऱ्यात आल्यावर म्हणतो, "मी आरडाओरडा ऐकून मागाहून आलो." फितूर झाला. आता अभियोक्त्यानं जागेवर कोर्टाची परवानगी मागायची आणि आपल्याच साक्षीदाराला उलटतपासाचे प्रश्न विचारायचे. पोलिसांपुढच्या जबाबातला नेमका तेवढाच मजकूर त्याला वाचून दाखवायचा. तो म्हणतो, "असं मी सांगितलं नव्हतं." त्या मजकुराला कंस करून "पोर्शन मार्क अ" अशी खूण करून घ्यायची. काम इथे संपलं असं नवख्याला वाटतं, आणि केस इथेच हातची जाते. कारण तो मजकूर अजून शाबीत झालेला नसतो. पुढे तपासी अंमलदार साक्षीला येईल तेव्हा त्याला विचारायचं, हा मजकूर साक्षीदारानं तुम्हाला सांगितला होता का, तुम्ही तो तसाच लिहिला का. तेव्हा कुठे त्या पोर्शनला निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडते. दोन साक्षींत महिने जातात, कधी मधल्या काळात अभियोक्त्याची बदली होते. फाईलवर टिपण ठेवलं नसेल तर नवा माणूस तो प्रश्न विचारायचा राहतो आणि सगळी मेहनत पाण्यात. शिवाय विचारला तरी त्यातून एवढंच ठरतं की साक्षीदार शब्द फिरवतोय. काठी मारली हे सिद्ध करायला डॉक्टरांचा जखमांचा दाखला, जखमीची स्वतःची साक्ष, जप्त काठीचा पंचनामा वेगळा लागतो.

आपल्याच साक्षीदाराला असे प्रश्न विचारण्याचं कलम भारतीय साक्ष अधिनियमात 157 आहे, जुन्या कायद्यात 154 होतं. कलम क्लासमध्ये पाठ होईल. परवानगी केव्हा मागायची, साक्षीदाराच्या पहिल्या खोट्या वाक्याला की थोडं बोलू देऊन, हे पुस्तकात नाही. तुम्ही जॉबर आहात. मागाचा आवाज बदलला की कुठे बिघडलंय ते तुम्हाला पलीकडच्या रांगेतून कळतं. ते तुम्ही कोणत्या क्लासात शिकलात? कोणातरी जुन्या जॉबरच्या हाताखाली, तेलानं हात काळे करूनच ना?

म्हणून चोरांच्या वकिलीबद्दल स्पष्टच बोलते. नव्या वकिलाला सरकारची बाजू कोणी देत नाही, त्याच्या हाती येते ती आरोपीचीच बाजू. आणि अभियोक्ता व्हायला याहून चांगली शाळा नाही. पंचनाम्यात सीलचं वर्णन नाही, बाटलीवरच्या लेबलवर पंचाची सही नाही, सीसीटीव्हीच्या चित्रणाला साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडलेलं नाही, दोषारोपपत्र 60 किंवा 90 दिवसांच्या मुदतीत आलं नाही : ही भोकं आरोपीच्या वकिलाच्या टेबलावर बसूनच दिसायला लागतात. उद्या अभियोक्ता झाली की हीच भोकं ती दोषारोपपत्र दाखल होण्याआधी बुजवून घेईल. शिवाय आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे तिच्या अंगात मुरायला हवं. कसंही करून शिक्षा लावायचीच अशी तहान सरकारी वकिलाला नसावी, या अर्थाचं सर्वोच्च न्यायालयानंच 1999 मध्ये म्हटलं आहे. आरोपीला कधी जवळून न पाहिलेल्या माणसाच्या हातात मला ती फाईल नको वाटते.

मुलीच्या सुरक्षिततेची भीतीही तुमच्या मनात असेल, ती मी उडवून लावणार नाही. पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातलं रोजचं काम म्हणजे अपघात, भावकीतली मारामारी, चोरी, दारूबंदी, जुगार, सासरचा छळ. दरोडेखोर तिथे रोज भेटत नाहीत, गांजलेली माणसं रोज भेटतात. सुरक्षितता ठरते ती सिनिअर कोण यावर. तुम्ही स्वतः तिच्यासोबत दोन-तीन ऑफिसं बघून या. तिथे आधीपासून ज्युनिअर मुली आहेत का, संध्याकाळी ऑफिस किती वाजता सुटतं, सिनिअर स्वतः साक्षीपुरावे चालवतात की फक्त जामिनाची कामं करतात, हे विचारा. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नुसत्या जामिनाच्या ऑफिसात पाच वर्षं बसूनही उलटतपास येत नाही.

आणि तुमच्या घरातल्या तेलुगूचं काय! सोलापुरात यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांतून येणाऱ्या बायका घाबरल्या की मराठी विसरतात. अक्कलकोटकडचा साक्षीदार कन्नडवर जातो. कोर्टाची भाषा मराठी, मध्ये भाषांतर आलं की "ढकललं" आणि "मारलं" यातला फरक पुसला जातो आणि उलटतपासात तोच शब्द धरून साक्ष मोडतात. फिर्यादी बाई काय म्हणतेय ते थेट कळणारी वकील या जिल्ह्याला हवी आहे. शक्य असेल तर तिनं कामापुरतं कन्नडही शिकावं.

बाकी मार्ग सरळ आहे. पदवी, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद, बार कौन्सिल ऑफ इंडियाची पात्रता परीक्षा, मग सिनिअर. पहिल्या दिवसापासून तिनं हजर राहिलेल्या प्रत्येक प्रकरणाचा क्रमांक, तारीख आणि तिनं स्वतः काय केलं ते एका वहीत लिहावं, वकालतपत्रावर (पक्षकारानं वकील नेमल्याच्या कागदावर) आपलं नाव घालून घ्यावं. पुढे अनुभवाचा दाखला मागतात तेव्हा ज्यांनी हे केलेलं नसतं ते धावपळ करतात. पहिली दोन वर्षं पैसे जेमतेम मिळतील, ते गृहीत धरा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात, म्हणजे गरजू आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयात, सहायक पदासाठी नव्या वकिलांनाही अर्ज करता येतो. मानधन ठरलेलं, काम कंत्राटी आणि पूर्णवेळ, खासगी प्रॅक्टिस मात्र बंद. जागा निघाली तर विचार करण्यासारखी आहे. उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी आता मुंबई गाठायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो. सिनिअरबरोबर एखादी फेरी तिथे जरूर करावी.

अभ्यास जुन्या आणि नव्या, दोन्ही फौजदारी कायद्यांचा करायचा. 1 जुलै 2024 पूर्वी घडलेले गुन्हे जुन्या दंड संहितेखालीच चालतात, त्यानंतरचे नव्या भारतीय न्याय संहितेखाली. पुढची बरीच वर्षं दोन्ही फायली एकाच टेबलावर असतील.

क्लासचे पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. त्यातले थोडे काळा कोट, गाऊन, बँड आणि जुन्या-नव्या कायद्यांच्या मूळ प्रतींना लागतील, उरलेले पहिल्या वर्षाच्या जाण्यायेण्याला. आणि आज रात्री जेवताना तिला विचारा, तू कोर्टात बसायचीस तेव्हा कोणती केस चालू होती, पुढे काय झालं त्यात. मधे न बोलता ऐका. उत्तर दोन मिनिटांत संपलं आणि तिला काही आठवेना, तर मला पुन्हा लिहा, आपण दुसरी वाट शोधू. ताटातलं निवेपर्यंत ती बोलत राहिली, तर सोमवारी तिला कोर्टात जाऊ द्या.