कायम नोकरी सोडून जर्मनीत पोस्टडॉकला यावं का?

मॅडम, तुम्ही विचारलंत की रत्नागिरीतली कॉलेजची कायम नोकरी सोडून इकडे जर्मनीत पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या करारावरच्या संशोधनाला, येऊ का, आणि इथली माणसं रविवारीसुद्धा लॅबमध्ये दिसतात ती नेमकी कशासाठी. मी मूळचा दापोलीचा, आता कीलमध्ये ७ वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पगारासाठी नाही, हे आधीच सांगतो. आपल्याकडे असिस्टंट प्रोफेसरला यूजीसीच्या नियमाने आठवड्याला १६ तास शिकवायचं, वर नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फायली, पेपर तपासणी, प्रमोशनसाठी पॉइंट जमवायचे. मी रत्नागिरीत तासिका तत्त्वावर होतो तेव्हा भाट्याच्या खाडीत कालवं बघायला जायचं म्हणजे रविवारची ओहोटी गाठायची, दुसरा दिवसच मिळायचा नाही. इकडे तोच विषय घेऊन तीन वर्षं बसलो आणि कोणी विचारलं नाही की याचे पॉइंट किती. खरंच मोठं सुख आहे हे, आणि मला वाटतं बहुतेक जण त्याच्यावरच तग धरून असतात. आपला एक संशोधनाचा प्रश्न, तो कळणारी जगात दहा-वीस माणसं, त्यातल्या एकाची मेल आली की तुमचा ग्राफ नीट बघितला, की आठवडाभर पुरतं.

पण हे स्वातंत्र्य मुदतीचं असतं. इथल्या कायद्याने पीएचडीनंतर साधारण ६ वर्षंच असं करारावर ठेवता येतं (मूल असेल तर दर मुलामागे २ वर्षं वाढू शकतात, पगार प्रोजेक्टच्या पैशातून असेल तर गणित वेगळं) आणि कायम जागा फार थोड्या. २०२१ मध्ये इथल्या संशोधकांनी 'मी हाना' (हाना म्हणजे या कायद्याची भलामण करणाऱ्या सरकारी व्हिडिओतली काल्पनिक संशोधक) असा हॅशटॅग चालवून यावरच आवाज उठवला होता. पाचव्या वर्षी प्रश्न मागे पडतो आणि भीती काम करून घेते, रविवारी पेटलेले बरेच दिवे त्या भीतीचेच असतात.

आणि शिकवणं. राजापूर, लांज्याहून एसटीने येणारी पोरं मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा प्लँक्टन, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, हलताना बघून ओरडायची, ते मला इथे मिळत नाही आणि त्याची फार आठवण येते. तुम्हाला सकाळी कॉलेजला जायचं बळ त्यातूनच येत असेल तर मॅडम, दहादा विचार करा.

तरी यायचंच असेल तर राजीनामा देऊ नका, आधी बिनपगारी रजा मिळते का बघा. प्रोफेसरशी बोलण्याआधी त्याच्या ग्रुपमधून बाहेर पडलेल्या दोघातिघांना फोन करा आणि विचारा की स्वतःचा प्रश्न निवडू दिला का, शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं लागलं. आणि एप्रिलमध्ये या, ऑक्टोबरला नको. डिसेंबरात इथे चारला अंधार पडतो.